आपली माणसे सांगितल्याशिवाय करीत नाहीत, हे कितपत खरे?
(सभासद शिक्षण लेख)



ह्या पानावर आपण नेहमी खते, बेणे, खोडव्याची निगा असले विषय वाचता. ह्या वेळी विषय थोडा निराळा घेतला आहे. विषय आहे व्यवस्थापनाचा. नाव ऐकून पान उलटू नका. ज्याच्या रानात चार माणसे कामाला येतात तो व्यवस्थापकच, मग त्याच्या खिशाला पेन असो वा नसो.

एक वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे आणि बहुतेकांनी म्हटलेही आहे. ‘आपली माणसं अशीच, सांगितलं तेवढंच करणार, डोकं चालवायचं नाव नको.’ गंमत अशी की हे वाक्य प्रत्येक जण आपल्या खालच्याविषयी बोलतो. बागायतदार ते गड्याविषयी बोलतो. शेतकी खात्याचा साहेब तेच बागायतदाराविषयी बोलतो. त्या साहेबाविषयी वरचे काय बोलतात ते इथे लिहीत नाही. आणि परदेशी पुस्तक उघडले, तर त्यात हेच वाक्य सगळ्या भारतीयांना मिळून लावलेले सापडते. म्हणजे वाक्य एकच, फक्त बोलणारा एक पायरी वर उभा.

त्या परदेशी पुस्तकाचे आधी सांगतो. हॉलंडमधील अभ्यासक गेर्ट हॉफस्टेड ह्यांनी १९६७ ते १९७३ ह्या काळात आय.बी.एम. ह्या संगणक कंपनीच्या निरनिराळ्या देशांतील नोकरांकडून एक लाखावर प्रश्नावल्या भरून घेतल्या व १९८० साली त्यावर मोठा ग्रंथ काढला. वरच्याने हुकूम सोडावा, खालच्याने तो ऐकावा, ही विषमता कोणत्या देशातील लोक किती मुकाट्याने मानतात, ह्याचा त्यांनी आकडा काढला. ऑस्ट्रियाचा आकडा ११, इंग्लंडचा ३५ आणि भारताचा ७७. व्यवस्थापन शिकविणाऱ्या शाळांतून हे आकडे आजही शिकविले जातात. त्यावरून निष्कर्ष काढतात तो असा, की भारतीय माणूस वरच्याच्या तोंडाकडे बघतो, त्याला मोकळीक देऊन उपयोग नाही, त्याला हुकूमच हवा.

आता शेतकऱ्याच्या अकलेने ह्याकडे पाहा. मातीचा नमुना काढताना आपण काय करतो? रानात दहा-बारा ठिकाणी खड्डे घेतो. फक्त विहिरीजवळची माती पिशवीत भरून दिली तर तपासणीचा कागद येईल, पण तो विहिरीजवळचाच. हॉफस्टेड साहेबांचा नमुना एकाच कंपनीतील पगारदार, शिकलेल्या माणसांचा. त्यात गिरणीतला विणकर नव्हता, ऊस तोडणारा नव्हता, आपण तर नव्हतोच. ही हरकत माझी एकट्याची नाही. त्यांच्या ग्रंथावर पुढे अनेक अभ्यासकांनी ती घेतली. देशाचा स्वभाव म्हणून जो सांगितला जातो, तो पुष्कळदा त्या देशातील एका थराचा स्वभाव असतो.

बरे, नुसती हरकत घेऊन काम भागत नाही. उलट बाजूचा पुरावा पाहिजे. तो आपल्या शेजारीच, अहमदाबादेत आहे. पण त्याची सुरुवात इंग्लंडातील कोळशाच्या खाणीत होते, म्हणून आधी दोन शब्द तिकडचे.

लंडनला टॅव्हिस्टॉक नावाची एक संस्था १९४७ साली निघाली. माणसे एकत्र काम कशी करतात ह्याचा अभ्यास करणे हे तिचे काम. तिच्यातील एरिक ट्रिस्ट हे प्राध्यापकी वळणाचे गृहस्थ आणि केन बॅमफोर्थ हे स्वतः पूर्वी खाणीत काम केलेले. ह्या दोघांनी १९५१ साली खाणकामावर एक निबंध लिहिला. पूर्वी खाणीत दोन-तीन माणसांची जोडी कोळसा फोडण्यापासून छताला टेकू देण्यापर्यंत सगळे काम आपापसांत करी. यंत्रे आली तेव्हा सुमारे चाळीस माणसांचा एक ताफा झाला, तो तीन पाळ्यांत विभागला आणि प्रत्येकाला एकच तुकडा मिळाला. एका पाळीने अर्धवट सोडले की दुसरीने तिच्या नावाने बोटे मोडायची. यंत्रे चांगली, पण कोळसा अपेक्षेइतका निघेना. पुढे यॉर्कशायरमधील एका खाणीत मजुरांनीच, तेथील व्यवस्थापकाच्या संमतीने, नव्या यंत्रावरही जुन्या पद्धतीच्या टोळ्या बांधल्याचे आढळले. हे प्रथम कोणाच्या नजरेस आले? बॅमफोर्थच्या. कारण तो आपल्या जुन्या खाणीत पुन्हा गेला होता. इंग्लंडातही साहेब व मजूर ह्यांच्यातील अंतर काही थोडेथोडके नाही. दोघांचे बोलणे वेगळे, राहणे वेगळे, दारू पिण्याच्या जागासुद्धा वेगळ्या. पांढरपेशा अभ्यासक कागद घेऊन खाणीत उतरला असता तर त्याला मजुरांनी किती सांगितले असते, शंकाच आहे.

आता अहमदाबाद. तेथील कॅलिको मिल ही साराभाई कुटुंबाची गिरणी. तिच्या एका खात्यात १९५२ साली आपोआप चालणारे साचे, म्हणजे ऑटोमॅटिक लूम्स, बसविले. पैसा ओतला, तज्ज्ञ आणून प्रत्येक कामाचे मोजमाप केले, कोणी किती साचे पाहावेत हे ठरविले. तरी कापड जितके निघावे तितके निघेना आणि जे निघे त्यात खराब माल फार. तेव्हा गौतम साराभाई ह्यांच्या काळात टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राईस ह्यांना बोलावण्यात आले. साल १९५३.

राईस ह्यांनी खात्यात काय पाहिले ते नीट समजून घ्या, कारण सगळी मेख तिथे आहे. एका पाळीत २२४ साचे आणि २९ माणसे. कामांचे प्रकार मात्र बारा. कोणी फक्त साच्याच्या पेटीत कांड्या भरायच्या, कोणी फक्त तुटलेले ताणे जोडायचे, कोणी तेल घालायचे, कोणी झाडायचे, कोणी कापडाचे गठ्ठे न्यायचे. विणकर आठ होते. त्या आठांत कांड्या भरणारे पाच आणि तुटलेले ताणे जोडणारे तीन. म्हणजे हिशेब मांडला तर एका विणकराच्या वाट्याला कांड्या भरणारा पाच-अष्टमांश माणूस! साचा बंद पडला की विणकराने हाक मारायची, पण तो माणूस त्या घटकेला दुसऱ्याच्या साच्यावर असायचा. त्याने आधी कोणाकडे जायचे? कोण त्याचा वरिष्ठ? कोणालाच सांगता येत नव्हते. मोजणाऱ्या तज्ज्ञाने प्रत्येकाचे काम मोजले होते. पण कोणी कोणाबरोबर काम करायचे, हे मोजायचे राहून गेले होते. आपल्याकडे भावकीच्या विहिरीवर पाण्याच्या पाळीचे जसे होते, तसेच. मोटार चांगली, पाणी भरपूर, आणि पीक वाळते.

राईस ह्यांनी सुचविलेली गोष्ट साधी होती. ठरावीक साच्यांसाठी ठरावीक माणसांचा एक गट असावा आणि त्या साच्यांचे सगळे काम त्या गटानेच आपापसांत वाटून घ्यावे. ही कल्पना आधी व्यवस्थापकांपुढे, मग देखरेख करणाऱ्यांपुढे व मजुरांपुढे आली. पुढचे ऐकण्यासारखे आहे. योजना सविस्तर आखून वरून खाली पाठवायची वेळच आली नाही. मजुरांनी ती उचलली आणि थोड्याच अवधीत आपापले गट स्वतः जुळवून दाखविले. साधारण ६० ते ६४ साच्यांमागे सात माणसे. कोणाचे कोणाशी पटते, कोणाचा हात कशात चालतो, हे साहेबाला कुठून ठाऊक असणार? त्यांना ठाऊक होते.

सुरुवातीला चढउतार झाले. पण घडी बसल्यावर जे आकडे राईस ह्यांनी १९५८ सालच्या आपल्या ग्रंथात दिले ते असे. साच्यांची कार्यक्षमता आधी सुमारे ८० टक्के होती ती ९५ टक्क्यांवर गेली. खराब कापडाचे प्रमाण सुमारे ३२ टक्के होते ते २० वर आले. साचे तेच, माणसेही तीच.

म्हणजे ज्या देशाचा ‘हुकूम हवा’चा आकडा पुढे ७७ लागला, त्याच देशातील गिरणी मजुरांनी हुकमाशिवाय आपली घडी बसविली होती, आणि तीही त्या पुस्तकाच्या पंचवीस-सत्तावीस वर्षे आधी. मग डोके चालविण्याची शक्ती रक्तात नाही असे कसे म्हणावे? ती मांडणीत अडकलेली होती.

पण ह्यावरून ‘गट करा आणि पाहा चमत्कार’ असे मी लिहीत नाही. त्याच संस्थेचे एरिक मिलर ह्यांनी १९७० साली पुन्हा त्या गिरणीत जाऊन पाहणी केली. मध्ये सोळा वर्षे गेली होती. चार खात्यांपैकी एका खात्यात गटाची पद्धत जवळजवळ जशीच्या तशी टिकून होती व कामही चांगले चालले होते. बाकीच्या ठिकाणी गाडी पुष्कळशी जुन्या चाकोरीला लागली होती. बाजार बदलला, माल बदलला, वरची माणसे बदलली, आणि ज्या देखरेख करणाऱ्याला गटाने विचारल्याशिवाय केलेले खपत नव्हते तो पुन्हा हुकूम सोडू लागला. लावलेले झाड आणि निगा राखलेले झाड ह्यात फरक असतो, तो आपल्याला वेगळा सांगायला नको.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय गिरणीचा विषय सोडता येत नाही. लंडनच्या माणसाला ‘वर्ग’ कळतो. आपल्याकडे वर्गाच्या आत जात बसलेली असते. मुंबईच्या गिरण्यांत साचे खात्यात पगार चांगला असे, पण त्या खात्यात अस्पृश्य मानलेल्या मजुरांना प्रवेश नव्हता. कारण काय सांगत? धोट्यात कांडी घातल्यावर धाग्याचे टोक तोंडाने ओढून बाहेर काढावे लागे. एकाचे तोंड लागलेला धोटा दुसऱ्याने कसा तोंडाला लावायचा, म्हणून विटाळ! १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला आणि कामगार पुढाऱ्यांना तो ऐकावा लागला. अहमदाबादेतही विणकामाची व सुताची खाती अशीच जातवार वाटलेली असत. तेव्हा ‘सात माणसांनी आपापला गट जुळवावा’ हे वाक्य इंग्रजीत जितके सोपे, तितके आपल्या मातीत नाही. गट आपखुशीने जुळतो तेव्हा कोण बाहेर राहिला, हेही बघावे लागते. बाहेरची कल्पना आपल्याकडे आणायची म्हणजे कलम बांधण्यासारखे आहे. खालचा खुंट कोणता आहे, ते आधी बघावे लागते.

आपली सहकारी चळवळ हेही असेच एक कलम आहे. इंग्लंडात रॉचडेल गावी १८४४ साली विणकर व इतर कामकऱ्यांनी मिळून पीठ-साखर-लोणी विकण्याचे दुकान काढले. ती कल्पना कोठल्या कोठे येऊन १९५० साली प्रवरेच्या काठी साखर कारखाना होऊन उभी राहिली. ते दुकान गिऱ्हाइकांचे होते, आपला कारखाना माल पिकविणाऱ्यांचा. ‘एक सभासद एक मत’ हे तत्त्व तेवढे ठेवले, बाकीचे आपल्या रानाप्रमाणे बेतून घेतले. आणि हे कोणी केले? लोणीचे शेतकरी विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्राचे पंडित धनंजयराव गाडगीळ एकत्र बसले म्हणून झाले. एकाला रान ठाऊक, दुसऱ्याला ताळेबंद. शेतकऱ्याला कारखाना चालविता येईल काय, ह्या प्रश्नावर त्या वेळी शिकलेली माणसे काय म्हणत असतील? हेच, ‘आपली माणसं अशीच.’

इथपर्यंत वाचून आपल्याला बरे वाटले असेल. मलाही लिहिताना बरे वाटले. पण आता पायरी बदलू. कारखान्याचे मालक आपण झालो, तेव्हा आपल्या खालच्या पायरीवर कोण उभे आहे?

उसाचे वजन ज्या हातांनी फडात पडते ती टोळी सभासद नाही. बीड, पाथर्डीकडून नवरा-बायको येतात. दोघे मिळून ‘एक कोयता’. आपण माणसे मोजत नाही, कोयते मोजतो. उचल मुकादमाकडून, पैसे टनावर, झोपडे फडाच्या कडेला. त्यांच्याशी आपला व्यवहार मुकादमामार्फत, आणि बोलायचे झाले तर ओरडण्यापुरते. मी हे दुसऱ्याचे सांगत नाही, माझेच सांगतो.

माझे बांधाकडचे रान मुरमाड आहे. तेथे दरवर्षी टोळी ऊस वीत-अर्धी वीत वर तोडायची. बुडख्याच्या कांड्यांत साखर सर्वांत जास्त, हे सभासदाला सांगायला नको. शिवाय वर राहिलेल्या बुडख्यांमुळे खोडवा डोळ्यावर फुटतो, कमजोर निघतो, आणि बुडखे छाटायची मजुरी वेगळी बसते. दरवर्षी मी बांधावर उभा राहून बोलायचो. मुकादम ‘व्हय मालक’ म्हणायचा आणि माझी पाठ फिरली की पुन्हा तेच. माझे मत पक्के झाले होते की ही माणसे कामचुकार, ह्यांना सांगूनही कळत नाही.

एका हंगामात दुपारी मुकादम गाडीबरोबर गेला होता. एक वयस्क बाई मोळ्या बांधीत होती. मी नेहमीप्रमाणे बोललो. तिने हातातला वाढ्याचा बंद खाली ठेवला आणि म्हणाली, ‘मालक, तिकडच्या सऱ्यांत दगड हायेत. खाली घातला की कोयता दगडावर बसतो. धार गेली की कानस लावायला बसावं लागतं, तेवढ्यात गाडी चुकती. आम्हाला काय, खाली तोडला तर वजन आमचंबी वाढतंय की. भरणीच्या टायमाला दगड वेचून द्या, जमिनीबरोबर तोडून देते.’

मी म्हणालो, ‘मावशी, हे आधी का नाही सांगितलं?’

‘इचारलं कवा?’ म्हणाली, आणि मोळी बांधायला लागली.

उत्तर टनावर मजुरी घेणाऱ्या बाईच्या तोंडी तयार होते. माझा उतारा आणि तिची मजुरी दोन्ही त्यात होते. मध्ये फक्त आमच्यातले अंतर होते, आणि ते राखण्याचे काम मी इतकी वर्षे इमानाने केले होते. पुढच्या भरणीला त्या अकरा सऱ्यांतले दगड वेचले. दीड ट्रॉली निघाले. त्या वर्षी बुडखे छाटायला माणूस लावावा लागला नाही.

आता आपल्या गटापुरते बोलू. पुष्कळ गटांत टोळी फडात शिरण्याआधी तिच्याशी कोणी बसून बोलत नाही. चिठ्ठी मिळाली की तोड सुरू. ह्या हंगामात एवढे करून पाहता येईल. तोडीच्या आदल्या दिवशी सभासदाने मुकादमाबरोबरच दोन-तीन कोयत्यांनाही, बायामाणसांसकट, रानातून एक फेरी मारून आणावी आणि ‘अडचण कुठे येईल’ एवढेच विचारावे. उत्तरे मिळतील ती शक्यतो त्यांच्याच शब्दांत लिहावीत. गाडीचा रस्ता, पडलेला ऊस, शेवटचे पाणी कधी दिले, दगड, प्यायच्या पाण्याची सोय, झोपडीजवळचा उजेड, जे निघेल ते. सगळेच आपल्याला पटेल असे नाही. काही मागण्या पैशाच्या निघतील, त्याही लिहाव्यात. कागद चिटबॉयकडे द्यावा म्हणजे शेतकी विभागाच्या बैठकीत तो वाचता येईल.

एक सूचना. विचारताना बांधावर उभे राहून विचारू नका. सरीत उतरा. बांधावरून विचारले की उत्तर ‘व्हय मालक’ असेच येते, ह्याचा अनुभव मी बरीच वर्षे घेतला आहे.